व्हायोलिनला आधार देणारे लुई श्पोर

व्हायोलिन हे वाद्य गोव्यात कुणालाच नवीन नाही. चर्चच्या शाळांतून ते शिकवले गेले. तिथे तयार झालेल्या वादकांनी मुंबईचे चित्रपटसंगीत गाजवले, तर आपल्या श्रीधर पार्सेकरांनी याच वाद्यावर रागसंगीत वाजवून नाव मिळवले. पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या हनुवटीखाली वाद्याला बसवलेला एक छोटा, खोलगट तुकडा असतो. त्याला चिन रेस्ट म्हणतात. हा हनुवटीचा आधार ज्यांनी शोधला, त्या लुई श्पोर या जर्मन संगीतकाराचे चरित्र आम्ही यंदाच्या स्मरणिकेसाठी निवडले आहे. गणराय हा कलांचा अधिपती. त्याच्या उत्सवात ही आठवण अस्थानी ठरू नये.

श्पोर यांचा जन्म ५ एप्रिल १७८४ रोजी जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे झाला. वडील डॉक्टर, घरात संगीताची आवड. चौदा-पंधराव्या वर्षी नशीब काढायला हा मुलगा हॅम्बुर्गला गेला. तिथे कुणी दाद दिली नाही, तेव्हा तो पायी परत निघाला. घरी येऊन त्याने थेट ब्राउनश्वाइगच्या ड्यूकला अर्ज केला. ड्यूकने त्याचे वादन ऐकले आणि १७९९ मध्ये त्याला दरबारच्या वाद्यवृंदात नोकरी दिली. पुढे गुरू फ्रान्झ एक यांच्याबरोबर त्याने रशियाचा प्रवास केला. तिथे त्याला ग्वार्नेरी घराण्याचे एक मौल्यवान व्हायोलिन भेट मिळाले. पण १८०४ मध्ये गटिंगनजवळ घोडागाडीच्या मागे बांधलेली पेटी चोरांनी पळवली आणि ते वाद्य कायमचे गेले. तरीही त्याच वर्षी लाइपझिगच्या मैफलीने श्पोर यांचे नाव जर्मनीभर झाले.

१८०५ मध्ये ते गोथा येथे दरबारी वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. पुढच्या वर्षी डोरेट शाइडलर या हार्पवादक तरुणीशी त्यांचा विवाह झाला. दोघे मिळून मैफली करीत. हार्पच्या तारा ताणामुळे तुटत, म्हणून श्पोर यांनी पत्नीचा हार्प अर्ध्या स्वराने उतरवून लावला आणि दोघांच्या रचना त्या हिशेबाने दोन वेगळ्या स्वरांत लिहिल्या. श्रोत्यांना फरक कळत नसे, पण तारा टिकत. वाजवणाऱ्याची अडचण बघून मार्ग काढायचा, हा त्यांचा स्वभावच होता. १८२० मध्ये लंडनला डोरेट यांनी नव्या धर्तीचा जड हार्प हाताळला. तो प्रकृतीला झेपेना, म्हणून त्यांना हे वाद्यच सोडावे लागले. वाद्य शरीराकडून केवढी किंमत वसूल करते, हे श्पोर यांनी आपल्या घरातच पाहिले.

चिन रेस्टचा शोध याच सुमाराचा, १८२० च्या आसपासचा. त्यापूर्वी व्हायोलिन खांद्याच्या हाडावर टेकवून हनुवटी लाकडावरच ठेवीत. वाद्याचा बराचसा भार डाव्या हातावर यायचा. वरच्या स्वरांवरून हात खाली आणताना वाद्य निसटू पाही. ते आवळून धरावे, तर बोटे अडखळत. हनुवटीने दाबावे, तर लाकडाचे कंपन दबून आवाज बसे. श्पोर स्वतः सहा फुटांहून उंच आणि धिप्पाड होते. त्यांनी तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या पट्टीच्या वर, बरोबर मध्यभागी, हनुवटीसाठी आधार बसवला. डावा हात मोकळा झाला. हा आधार त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ स्वतः वापरला आणि मगच १८३२ च्या आपल्या व्हायोलिन शिक्षणाच्या ग्रंथात त्याची माहिती दिली. पुढे अनेक वादकांनी तो डावीकडे सरकवला. खांद्याखाली पूर्वी कापडाची घडी किंवा उशी घेत. विसाव्या शतकात तिच्या जोडीला पायांचे शोल्डर रेस्ट आले. आज वादकाच्या मानेची उंची आणि खांद्याचा उतार पाहून हे दोन्ही आधार निवडतात. आपल्याकडे मांडी घालून वाद्याचे टोक पावलावर टेकवतात, त्यामुळे हा प्रश्न वेगळ्याच वाटेने सुटला.

१८२२ पासून श्पोर कासेलच्या दरबारात संगीतप्रमुख होते. २८ जुलै १८२३ रोजी तिथे त्यांचा ‘येसोंडा’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. त्याचे कथानक आपल्या गोव्यात घडते, हे वाचकांना नवल वाटेल! राजाच्या तरुण विधवेला सती जायला भाग पाडले जात असते आणि एक पोर्तुगीज सेनापती तिला वाचवतो. श्पोर कधी भारतात आले नव्हते. पोर्तुगीज तारणहार ठरतात ही कल्पना युरोपची. आमच्या पूर्वजांचा अनुभव निराळा होता. तरी सतीच्या चालीत होरपळणाऱ्या स्त्रीचे दुःख त्यांनी मनापासून संगीतात उतरवले, हे मान्य केले पाहिजे.

श्पोर उदारमतवादी होते आणि कासेलच्या राज्यकर्त्याला ते खटकत असे. १८५१ मध्ये हक्काची रजा मंजूर होईना, तेव्हा ते तसेच निघून गेले. परत आल्यावर पगार कापला गेला. आम्हा सरकारी नोकरांना यातले दुःख वेगळे सांगायला नको. १८५७ मध्ये इच्छा नसताना त्यांना निवृत्त केले गेले. त्याच डिसेंबरात डावा हात मोडला आणि व्हायोलिन सुटले. ज्या हाताला मोकळीक देण्यासाठी त्यांनी एवढा विचार केला, तोच गेला. २२ ऑक्टोबर १८५९ रोजी कासेल येथे त्यांचे निधन झाले.

हयातीत युरोपातल्या थोर संगीतकारांत गणले गेलेले श्पोर आज मैफलींतून क्वचितच ऐकू येतात. पण जगभर रोज असंख्य मुले व्हायोलिन उचलतात आणि हनुवटी त्या आधारावर टेकवतात. माणसाने वाद्यासाठी झिजावे हे खरेच. पण वाद्यानेही माणसाला थोडे सांभाळून घ्यावे, एवढेच श्पोर यांचे म्हणणे होते. आपल्या घरातले मूल मान वाकडी करून, दुखणे सोसत रियाज करीत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून गप्प बसवू नये. आधार नीट बसला आहे का, हे आधी पाहावे. श्पोर यांची आठवण ठेवण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे, असे आम्हांस वाटते.