माळरानावरील उद्योगनगरी

सन १९१० च्या मार्च महिन्यातील गोष्ट. मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कुंडल रोड नावाचे एक लहानसे स्थानक होते. त्याच्या बाजूला दूरवर उजाड माळ पसरला होता. माळावर निवडुंगाची बने माजली होती आणि त्या निवडुंगात नागसापांचे राज्य होते. अशा त्या निर्जन जागी १० मार्च रोजी पंचवीस कामगारांची कुटुंबे वस्तीला आली. चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांचे पुढारी होते. त्यांच्या गाठीशी मोठे भांडवल नव्हते. होती ती यंत्रविद्या, चिकाटी आणि माणसांवरील विश्वास. त्या गृहस्थांचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत फारसे रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांची जोडणी निरखणे हेच त्यांचे दोन छंद. चित्रकार व्हावे या ओढीने १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु तेथे एक विचित्र अडचण उभी राहिली. त्यांच्या दृष्टीला काही रंगांतील भेद नीट कळत नसे. ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याने चित्रकार कसे व्हावे? मनातील स्वप्न मोडले; पण लक्ष्मणराव हताश झाले नाहीत. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत, हे ओळखून त्यांनी ती विद्या हस्तगत केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले.

याच काळात त्यांनी वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. मुंबईत सायकली खरेदी करून लक्ष्मणराव त्या बेळगावास पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. पुढे तंत्रशाळेत त्यांच्या हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्यास मिळाली. अशा ठिकाणी मान खाली घालून राहणे लक्ष्मणरावांना रुचले नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले.

दुकानाच्या जोडीला आता लहानसा कारखाना उभा राहिला. गुरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी प्रथम तयार केले. नंतर त्यांचे लक्ष नांगराकडे गेले. त्या काळी बहुतेक शेतकरी लाकडी नांगर वापरीत. काळ्या, चिवट जमिनीत तो ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत. तरीही माती पुरती उलथली जात नसे आणि हरळीसारख्या तणांची मुळे जमिनीत तशीच राहत. लोखंडी नांगराचा वाकडा पत्रा माती उचलून पालथी करी. तण उपटले जाई, ऊन खोलवर पोहोचे आणि जमीन भुसभुशीत होई. असे नांगर परदेशातून येत; पण आपल्या बैलांना आणि आपल्या मातीला मानवेल असा नांगर येथेच घडावा, अशी लक्ष्मणरावांची इच्छा होती.

नांगर तयार झाला. पण तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते आणि पीक बुडते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पिढ्यान् पिढ्या ज्या मातीवर घर जगले, ती नासली तर खायचे काय? ही भीती पोटातून आलेली होती. शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणवण्याने ती जाणार नव्हती. प्रत्यक्ष शेतात नांगर चालला पाहिजे आणि पुढच्या हंगामात पीक डोलले पाहिजे, तरच शंका फिटणार होती. लक्ष्मणरावांनी वाट पाहिली. पहिले सहा नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली! एखाद्याने तो धंदाच सोडून दिला असता. लक्ष्मणरावांनी मात्र नांगरात सुधारणा चालूच ठेवल्या. हळूहळू अनुभव तोंडोतोंडी पसरला आणि मागणी वाढू लागली.

इतक्यात नवे संकट ओढवले. कारखाना होता त्या भागात नवी वसाहत वसवावयाची असल्याने नगरपालिकेने त्यांना जागा सोडावयास सांगितले. यंत्रे, कामगार आणि त्यांची मुलेबाळे यांना घेऊन जावे तरी कोठे? तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोडजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. आरंभी वर्णिलेला उजाड माळ तो हाच.

सर्वांनी मिळून निवडुंग तोडले, जमीन सपाट केली आणि राहण्यास घरे बांधली. मालक आणि कामगार एकाच माळावर, एकाच उन्हात राबत होते. कारखान्याभोवती झाडे वाढली, शाळा निघाली आणि माळाचे गाव झाले. तेच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांना अस्पृश्यता मान्य नव्हती. दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावीत, तेच आता लोकांच्या दारांचे राखणदार झाले.

लक्ष्मणरावांनी सारा भार एकट्याच्या शिरावर घेतला नाही. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. हिशेबाच्या कामी मंगेशराव रेगे आणि यंत्रकामात शंभूराव जांभेकर यांच्यासारखे जिवाभावाचे सहकारी लाभले. पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. त्यातूनच पुढे मराठी वाचकांच्या आवडीचे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले आणि त्यांनी उद्योगाचा विस्तार केला. नांगरामागून उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आली. १९२६ मध्ये पाणी उपसण्याचा पंप तयार झाला. जेथे बैलांना दिवसभर मोटेच्या धावेवर चालावे लागे, तेथे पंपाने विहिरीचे पाणी पाटात खळाळू लागले. पुढे तेलावर चालणारी इंजिने आणि विजेच्या मोटारी बनविणारे कारखाने पुणे आणि बंगळूर येथे उभे राहिले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकाला आज किर्लोस्करवाडी असे नाव आहे. आगगाडीतून उतरणाऱ्या प्रवाशाला तेथे आता निवडुंगाचे रान दिसत नाही. दिसतात ती झाडे, घरे आणि पंपांचा कारखाना. विकल्या न जाणाऱ्या सहा नांगरांपाशी दोन वर्षे धीर धरून उभ्या राहिलेल्या एका माणसाचे ते खरे स्मारक आहे.