तयार उत्तरांचे मोल

शालान्त परीक्षेतील गणित-विज्ञानाच्या ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे घोकणे म्हणजेच अध्ययन, असा समज रूढ झाला आहे. या संदर्भात श्रीनिवास रामानुजन यांचे चरित्र उद्बोधक ठरावे. कुंभकोणमला शाळेत असताना १९०३ साली जी. एस. कार यांचा ग्रंथ त्यांच्या हाती आला. तोही परीक्षार्थींसाठीच रचलेला; मात्र त्यातील हजारो सिद्धान्तांच्या सिद्धता अत्यंत त्रोटक होत्या. त्या रामानुजन यांनी स्वतः शोधल्या. पुढे महाविद्यालयात इतर विषयांत अपयश आले, शिष्यवृत्ती गेली. १९१२ साली मद्रास बंदरात दरमहा ३० रुपयांची कारकुनी पत्करावी लागली. तेच १९१८ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९२० साली, अवघ्या ३२ व्या वर्षी निवर्तले. आजची मार्गदर्शके विद्यार्थ्याचे नेमके शोधण्याचेच श्रम वाचवितात. परक्या श्रमावर संपत्ती मिळू शकते. विद्या मिळत नाही.