पंडिता रमाबाई आणि अंतरीचा धर्म

१८५८ सालच्या एप्रिल महिन्यात आपल्या ज्ञातीत अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने दोन बालके जन्मास आली. १८ एप्रिल रोजी कोकणात धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला आणि २३ एप्रिल रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांना रमा नावाची कन्या झाली. दोघांनीही आपले आयुष्य निराधार विधवांच्या उद्धारासाठी वेचले. महर्षी कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न हा किताब मिळाला आणि त्यांची तसबीर ज्ञातीच्या सभागृहांतून सन्मानाने लावली जाते. पंडिता रमाबाईंची तसबीर मात्र अशा एखाद्या सभागृहात मी अद्याप पाहिलेली नाही. याचे कारण सर्वांस ठाऊकच आहे. रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

त्या धर्मांतराचे मंडन अथवा खंडन करावे असा या लेखाचा हेतू नाही. धर्माची बाह्य चिन्हे आणि मनुष्याचे अंतरीचे शील यांत खरे मोल कशाचे, या प्रश्नाने रमाबाईंचा आयुष्यभर पाठपुरावा केला. तो प्रश्न त्यांनी आपल्याला विचारला, इंग्रज धर्मगुरूंना विचारला आणि सर्वांत कठोरपणे स्वतःला विचारला. हा धागा हाती धरून त्यांचे चरित्र पाहावे, एवढाच येथे उद्देश आहे.

अनंतशास्त्री हे मोठे विद्वान व तितकेच आग्रही गृहस्थ. आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनी संस्कृत शिकविले, म्हणून त्यांच्यावर शास्त्रीमंडळींचा रोष झाला. तथापि त्यांनी उडुपी येथील धर्मसभेत शास्त्राधारे आपली बाजू मांडून ती राखली. पुढे आईने पहाटे उठवून रमेला पाठ दिला आणि बालवयातच भागवताचे सहस्रावधी श्लोक तिच्या मुखी बसले. आल्यागेल्याच्या आदरातिथ्यात शास्त्रीबुवांचे द्रव्य संपले व सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळात पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम होता.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने या कुटुंबास गाठले. होते नव्हते ते विकून उपासतापास व अनुष्ठाने केली. पण देव प्रसन्न झाल्याचे काही दिसेना. पंडिताच्या घराण्याने अंगमेहनतीचे काम करणे वा भीक मागणे कमीपणाचे, या समजुतीने ती माणसे झाडपाला खाऊन दिवस काढीत राहिली. प्रथम वडील गेले, मागोमाग आई, आणि मग थोरली बहीण. आईच्या मृत्यूच्या वेळचा प्रसंग वाचला की अंगावर काटा येतो. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. खांदा देण्यास मोठ्या मिनतवारीने दोघे ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमा. तिची उंची तोकडी, त्यामुळे खांद्यावर भार येईना. म्हणून तिने आईच्या तिरडीचा आपला कोपरा डोक्यावर घेतला व तो रस्ता चालून काढला. सर्व विधी यथासांग पाळणाऱ्या कुटुंबाच्या वाट्यास शेवटी चार खांदेही सहजी आले नाहीत. बाह्य आचारावरचा रमाबाईंचा विश्वास ढासळण्यास येथूनच प्रारंभ झाला असावा.

यानंतर बहीणभाऊ सुमारे चार हजार मैल पायी हिंडले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. त्यामुळे उभय पक्षांकडील आप्तांचा दुरावा पत्करावा लागला. दोन वर्षांच्या आतच, १८८२ च्या फेब्रुवारीत, पटकीने पतीचे निधन झाले. तेव्हा कन्या मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची होती आणि रमाबाईंचे वय चोवीसही पुरते नव्हते.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढील वर्षी वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्याने तो बेत फसला. लंडनजवळ फुलहॅम येथे पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. ज्या स्त्रीला आपल्याकडे घराची दारे कायमची बंद होत, तिला येथे हात धरून उभे केले जात होते. या दयेचा उगम शोधता शोधता त्या येशूच्या चरित्राकडे वळल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. पुढची मात्र फारशी कोणी सांगत नाही. ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई मडमा झाल्या नाहीत. अंगावरचे विधवेचे पांढरे लुगडे त्यांनी परदेशातही सोडले नाही. इंग्लंडच्या कडाक्याच्या थंडीतही त्यांनी मांसाहारास स्पर्श केला नाही. ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांनाच हा हटवाद वाटू लागला. नव्या धर्मात येऊन जुन्या जातीचा अभिमान सुटत नाही, असे त्यांना वाटे. रमाबाईंचे म्हणणे असे की, ख्रिस्ताने कोणते अन्न खावे व कोणता वेष करावा हे सांगितलेले नाही, आणि जे त्याने सांगितले नाही ते केवळ इंग्रजांची चाल म्हणून मी का स्वीकारावे? गळ्यातील क्रूसावरील लॅटिन अक्षरांविषयीही वाद झाला. लॅटिन माझ्या संस्कृतहून अधिक पवित्र कशी, असा त्यांचा सवाल होता. अक्षरे हवीतच तर ती संस्कृतात असावीत, असे त्यांनी कळविले. चर्चच्या काही सिद्धान्तांवरही त्यांनी केवळ आज्ञा म्हणून मान डोलावली नाही. ज्या आश्रयावर आपले व तान्ह्या मुलीचे पोट अवलंबून आहे, त्या आश्रयदात्यांशी असा वाद घालण्यास किती धैर्य लागत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत व्याख्याने देऊन व ग्रंथ लिहून त्यांनी द्रव्य जमविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. धर्मशिक्षणाची सक्ती नाही, अशी त्याची अट होती आणि ब्राह्मण मुलींच्या सोवळ्याओवळ्याची, स्वतंत्र स्वयंपाकाची सोय तेथे केलेली होती. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नावाची. १८९३ साली कर्व्यांनी जिच्याशी पुनर्विवाह केला त्या आनंदीबाई, म्हणजे आपल्या सर्वांच्या बाया कर्वे, त्या ह्याच. महर्षींच्या घराची वाट अशी रमाबाईंच्या दारावरून गेलेली आहे, हे आपण विसरू नये.

याच काळात रमाबाईंच्या आयुष्यातील माझ्या मते सर्वांत मोठी घटना घडली. तिला साक्षीदार कोणी नव्हते. १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र पडले. हा गृहस्थ कित्येक वर्षे उपदेश करीत होता, चर्चच्या इमारती उभारीत होता, पण आपले स्वतःचे अंतःकरण कोरडेच आहे हे त्याला फार उशिरा उमगले. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती, नित्य उपासना चालू होती, जगात ख्रिस्ती म्हणून नाव होते. तरी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म तेवढा मिळाला, स्वतः ख्रिस्त मिळाला नाही, असा कौल त्यांच्या मनाने दिला. बुद्धीने पटलेले मत आणि पाण्याचे स्नान यांनी अंतःकरण पालटत नाही, ही कबुली त्यांनी पुढे स्वतःच्या निवेदनात जगासमोर लिहून ठेवली. ज्या धर्मासाठी समाज सोडला, आप्त सोडले, निंदा सोसली, त्याच धर्माचे आपण आजवर केवळ बाहेरचे कवच धरून होतो, असे म्हणणे कोणाही अभिमानी माणसास सोपे नाही. रमाबाई अभिमानी होत्या. तरीही त्यांनी ते म्हटले.

या पालटानंतर त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करू लागल्या. सदन त्यापूर्वीच, १८९० साली, पुण्यास आले होते. काही मुली प्रार्थनेच्या वेळी त्यांच्याजवळ येऊन बसत. त्यावरून पुण्यात गहजब उडाला, केसरीने कडाडून टीका केली आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा राग अगदीच निराधार नव्हता. तटस्थतेच्या भरवशावर लहान मुली सोपविणाऱ्या पालकांना फसल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते, आणि पुढे रमाबाईंचे कार्य उघडपणे ख्रिस्तीच झाले हेही खरे. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणास बोलावीत नाही व कोणास हाकलीतही नाही. स्वतःच्या घरात देवाचे नाव घेताना दार लावून घेणार नाही. दोन्ही बाजू आज शांतपणे समजून घेता येतात. परंतु एक गोष्ट मनास टोचते. त्या सदनात कोण मुलगी कोणाजवळ बसते यावर पुण्यात जेवढी शाई सांडली, तेवढी त्या मुली मुळात तेथे का आल्या, यावर सांडली नाही.

त्याचे उत्तर रमाबाईंनी पुढे कृतीने दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेने खंगलेल्या मुली वाईट लोकांच्या हाती पडताना पाहून त्यांना आपले बाळपण आठवले व सुमारे तीनशे मुली त्यांनी बरोबर आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. यांत सर्व जातींच्या स्त्रिया होत्या. समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन आणि वृद्धांसाठी प्रीती सदन अशी स्वतंत्र घरे होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे स्त्रिया करीत. अंगमेहनत कमीपणाची मानून ज्या घराण्यात माणसे उपाशी मेली, त्याच घराण्यातील कन्येने हजारो स्त्रियांना हाताने काम करून मानाने जगावयास शिकविले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. वास्तविक संस्कृतवर असा अधिकार असणाऱ्या विदुषीस प्रौढ, अलंकृत भाषा लिहिणे सहज साध्य होते. परंतु खेड्यातील अल्पशिक्षित बाईला वाचून समजावे म्हणून त्यांनी मुद्दाम साधी भाषा योजिली. पांडित्यसुद्धा शेवटी एक बाह्य अलंकारच, आणि तो त्यांनी येथे उतरवून ठेवला. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. त्या दुःखातही काम चालूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता एक घरगुती गोष्ट सांगून हा लेख आवरतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी आजोबांची थोरली बहीण होती. नवव्या वर्षी विधवा झालेली, डोक्यावर पदर घट्ट ओढलेली, तांबड्या आलवणातली. तिच्या सोवळ्याचे गावभर कौतुक होत असे. तिचा एकही उपवास चुकला नाही व तिच्या हाती कधी पाटीही आली नाही. रमाबाईंचे नाव आमच्या घरी कोणी घेतलेच तर बाटगी या एका शब्दात विषय संपत असे. शिक्षक झाल्यावर मी रमाबाईंचे चरित्र वाचले आणि मनातल्या मनात सालांचा हिशेब केला. ही आत्याआजी विधवा झाली तेव्हा शारदा सदन उघडून चारपाच वर्षे झाली होती. तिला तेथे कोणी पाठविले नाही. आम्ही तिचा धर्म सांभाळला. तिला काय हवे होते हे मात्र पाऊणशे वर्षांत कोणी विचारले नाही.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी ज्याने त्याने आपले मत ठेवावे. परंतु आठ वर्षे ख्रिस्ती म्हणवून घेतल्यावर त्यांनी स्वतःला जो प्रश्न विचारला, तो हिंदूसही लागू आहे आणि आपल्या ज्ञातीसही. गंध, जानवे, क्रूस, लुगडे यांच्या आत काय आहे? घरातील सर्वांत निराधार माणसाशी आपण कसे वागतो, यावरून त्याचे उत्तर ठरते. ज्ञातीतील तरुण मंडळींनी एकदा केडगावास जाऊन यावे आणि आपल्या सभागृहात कर्व्यांच्या तसबिरीशेजारी या पांढऱ्या लुगड्यातील भगिनीस जागा द्यावी, अशी नम्र विनंती आहे. अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघांना आपण आता फार काळ दूर ठेवू नये.