देवराज अर्स : नसबंदीच्या रोषातही टिकलेला जनाधार

बंगळुरू - आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीमुळे १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा दारुण पराभव झाला. त्याच निवडणुकीत कर्नाटकात मात्र पक्षाने २८ पैकी २६ जागा जिंकल्या. या यशाचे शिल्पकार होते तत्कालीन मुख्यमंत्री डी. देवराज अर्स.

अर्स यांचा जन्म २० ऑगस्ट १९१५ रोजी म्हैसूर संस्थानातील हुणसूर तालुक्यातील कल्लहळ्ळी येथे झाला. बंगळुरूत पदवी घेऊन ते गावी परतले व शेती करू लागले. १९४१ मध्ये ते म्हैसूरच्या प्रतिनिधी सभेवर निवडून आले. पुढे १९७२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने राज्यात मोठा विजय मिळवला आणि मार्चमध्ये ते मुख्यमंत्री झाले.

म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रे सुरू करण्याचा निर्णय घेतला होता. संसदेने १९७१ मध्ये संमत केलेला गर्भपातविषयक कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. मात्र त्यावरून निवडणुकीचे राजकारण पेटले नाही. आणीबाणीत चित्र बदलले. नसबंदीची उद्दिष्टे राज्यांवर लादली गेली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मात्र मिळाली नाही.

कर्नाटकही या मोहिमेपासून अलिप्त नव्हते. तथापि अर्स यांच्या कारकिर्दीत १९७४ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीचा हक्क मिळाला, तर हावनूर आयोगामुळे मागासवर्गीयांच्या आरक्षणाला आधार लाभला. संख्येने अल्प असलेल्या अरसू समाजातील या नेत्याने मागास जाती, दलित व अल्पसंख्याकांची मोट बांधली. त्यामुळे त्यांचे उमेदवार मतदारांना आपले वाटले.

फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने २२४ पैकी १४९ जागा जिंकल्या व अर्स पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी चिकमगळूरमधून इंदिरा गांधी लोकसभेत परतल्या.

१९७९ मध्ये दोघांत फूट पडली. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत अर्स यांच्या पक्षाला कर्नाटकात एकही जागा मिळाली नाही. नसबंदीच्या रोषातून तरलेल्या या नेत्याला इंदिराजींविना मात्र मतदारांनी साथ दिली नाही. जानेवारी १९८० मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. ६ जून १९८२ रोजी बंगळुरूत त्यांचे निधन झाले.