एका गवयाचा जमाखर्च

१९२४ साली मुंबईत सँडहर्स्ट रोडवरच्या एका मोठ्या इमारतीचा लिलाव झाला. इमारत एका गवयाने उभी केली होती. ती त्याचा खासगी वाडा नव्हती आणि कोणा संस्थानिकाने दिलेली देणगीही नव्हती. गावोगाव गाऊन मिळवलेला पैसा, लोकांच्या देणग्या आणि या दोन्हींत न भागल्याने काढलेले कर्ज, एवढ्या बळावर ती उभी राहिली होती. कर्ज फिटले नाही आणि वास्तू सावकारांच्या हाती गेली. त्या गवयाचे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

आज कलावंताने एखाद्या सेवाभावी संस्थेबरोबर वस्तीत, शाळेत, खेड्यात काम करावे म्हणून अनुदाने मिळतात. काही न्यास आणि प्रतिष्ठाने ती देतात, सरकारच्या योजना आहेत, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने उद्योगांच्या सामाजिक खर्चाच्या यादीत पारंपरिक कलांनाही जागा दिली आहे. अर्ज करायचा, अंदाजपत्रक जोडायचे, वर्षाअखेरीस अहवाल द्यायचा, ही रीत आता रुळली आहे. पण कलावंताने समाजासाठी काम करायचे तर त्याच्या भाकरीची सोय कोणी पाहायची, हा प्रश्न जुना आहे. विष्णुबुवांनी त्याला आपल्या साऱ्या आयुष्याचे उत्तर दिले.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे गाडगीळ, पलूस गावावरून पलुस्कर झालेले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. तेव्हा गाणे घरातच होते, पण मुलाने गवई व्हावे असा बेत नव्हता. लहानपणी फटाक्याचा स्फोट होऊन डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचा रस्ता बंद झाला. उपचारासाठी मिरजेला आणलेल्या या मुलाला तिथे दुसरा रस्ता सापडला. मिरजेच्या अधिपतींनी त्याच्या राहण्याजेवणाची व्यवस्था लावली आणि पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे हे गुरू. त्यांच्यापाशी विष्णुबुवांनी सुमारे नऊ वर्षे काढली.

या पहिल्या अनुदानाचा हिशेब नीट मांडला पाहिजे. संस्थानचा आश्रय नसता तर पलुस्कर गवई झाले नसते, हे निर्विवाद. पण त्या आश्रयाची दुसरी बाजूही त्यांना तिथेच दिसली. असे सांगतात, की मिरजेतल्या एका समारंभाला गावच्या प्रतिष्ठितांना बोलावणे गेले, दरबारच्या मर्जीतला म्हणून शिष्यालाही गेले, गुरूंना मात्र गेले नाही. कारण ते गवई होते. गाणे ऐकायला सर्वांना हवे, गाणारा मात्र पंक्तीला नको, ही रीत त्या तरुणाच्या मनाला फार लागली. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

पुढची चार-पाच वर्षे भ्रमंतीची. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, पंजाब. या प्रवासात त्यांनी एक नवी गोष्ट केली. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. आज यात कोणाला काही विशेष वाटणार नाही. पण तोवर शास्त्रोक्त गाणे दरबारात, हवेलीत, मंदिरात किंवा कोठीवर व्हायचे. बिदागी किती मिळणार हे यजमानाच्या लहरीवर अवलंबून असे. तिकिटाने ते उलटले. पैसे भरून आलेला शिंपी किंवा कारकून हा श्रोता झाला आणि गवयाला कोणाला मुजरा करण्याची गरज उरली नाही.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. बडोद्यात मौलाबक्षांची संगीतशाळा त्याआधी, १८८६ मध्ये निघाली होती, पण ती सयाजीरावांच्या दरबाराची. लाहोरची शाळा लोकांच्या पैशांवर चालणार होती. मराठी मुलखापासून एवढ्या दूर, परक्या भाषेच्या शहरात, कोणाचा वरदहस्त नसताना एका तिशीच्या आतल्या गवयाने हा डाव मांडला. मुलांना ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तके, स्वतः तयार केलेली स्वरलिपी. पुस्तकांसाठी छापखाना घातला, वाद्यांच्या दुरुस्तीची सोय केली, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक काढले. स्त्रियांना शिकवण्याची व्यवस्था केली.

या सगळ्याहून महत्त्वाचा होता उपदेशक वर्ग. या वर्गातल्या मुलांना नऊ वर्षे राहणे, जेवण आणि शिक्षण फुकट. त्याबदली त्यांनी इतरांना शिकवायचे. आजच्या भाषेत ही शिष्यवृत्तीच, पण ती देणारा स्वतः कफल्लक होता. महाविद्यालयाचा खर्च भागवायला बुवा दौरे काढत आणि गाऊन आणलेला पैसा मुलांच्या ताटात पडे.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि काम वाढत गेले. मग मोठी इमारत हवी झाली आणि कर्ज आले. याच सुमारास पंडित भातखंडे संगीतशिक्षणाचे दुसरे दालन उघडत होते. त्यांनी संस्थानिकांचे आणि सरकारचे साहाय्य घेतले. ग्वाल्हेरला १९१८ मध्ये आणि लखनौला १९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून विद्यालये निघाली आणि टिकली. तेव्हा आश्रय घेतला म्हणजे कला विटाळते असे म्हणण्यात अर्थ नाही. विष्णुबुवांची वाट वेगळी होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली. कर्ज फेडण्यासाठी ते रामकथा सांगत फिरले, पण व्याज त्यांच्या पायांपेक्षा वेगाने चालत होते.

इमारत गेली तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. मनाने ते आधीच रामनामाकडे वळले होते. नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापून ते तिथे राहू लागले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली, तरी त्यांनी ते थांबवले नाही.

या प्रसंगाकडे आज दोन बाजूंनी पाहिले जाते आणि तसे पाहावेही. विष्णुबुवांनी गाण्याला घरंदाजपणा मिळवून दिला, पण तो देताना शृंगाराची शब्दरचना बाजूला सारली आणि गाण्याला भक्तीचे वस्त्र नेसवले. मध्यमवर्गाच्या मुली निःशंकपणे गाणे शिकू लागल्या. मात्र ज्या मुसलमान उस्तादांनी आणि कलावंतिणींनी हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या जपले होते, त्यांना या नव्या घरात मानाची जागा मिळाली नाही. लोकांचा पैसा दरबाराच्या पैशापेक्षा मोकळा असतो, पण त्यालाही अटी असतात. त्या कागदावर नसतात, एवढेच.

तरीही जमेची बाजू मोठी आहे. अहमदाबादच्या सत्याग्रहाश्रमासाठी गांधीजींना संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा बुवांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. खरे आश्रमाचेच झाले. त्यांनी आश्रमाची भजनावली सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले. कलावंताने एखाद्या संस्थेच्या कामात विरघळून जाण्याचे इतके सुंदर उदाहरण दुसरे चटकन आठवत नाही. बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा काढली आणि तिथे कुमार गंधर्व घडले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर बनारसच्या विद्यापीठात गेले. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेलाच विष्णुबुवांनी देह ठेवला. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला वडिलांच्या शिष्यांनीच शिकवले. पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून तो देशभर गाजला आणि १९५५ मध्ये ऐन चौतिशीत गेला. गुरूंच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रवेशिका, विशारद, अलंकार अशा त्याच्या परीक्षांना गावोगावची मुले आजही बसतात.

१९२४ मध्ये लिलाव करणाऱ्यांनी भिंती, दारे, जमीन सगळ्याची किंमत लावली असेल. नऊ वर्षे फुकट जेवून बाहेर पडलेल्या त्या मुलांचा आकडा त्यांच्या यादीत कसा येणार? आज कलेला पैसा देणारे आणि मागणारे दोघेही अहवालात काय लिहावे या विवंचनेत असतात. त्यांनी विष्णुबुवांचे खाते एकदा उघडून पाहावे. खर्चाच्या रकान्यात मुलांची जेवणे आहेत. जमेचा रकाना भरायला मात्र बरीच वर्षे लागली, आणि ते पाहायला बुवा हयात नव्हते.