भास्कराचार्य आणि निवडीचें गणित

सहा वस्तूंतून दोन वस्तु किती प्रकारें निवडतां येतील, असा प्रश्न फळ्यावर आला कीं आम्ही घाईघाईनें सूत्र आठवूं लागतों. आणि सूत्र विसरलें कीं आमचें गणितही तेथेंच संपतें. ज्या थोर पुरुषानें हा विषय आठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं सुबोध रीतीनें शिकविला, त्याचें चरित्र पाहिल्यास ही भीति पुष्कळशी दूर होईल, असें आम्हांस वाटतें.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. सह्याद्रीच्या सान्निध्यांतील विज्जडविड हें त्यांचें गांव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु होत. वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत.

‘लीलावती’मध्यें त्यांनीं स्वयंपाकघरांतलें उदाहरण घेतलें आहे. मधुर, तुरट, आंबट, खारट, कडू व तिखट या सहा रसांपासून किती निरनिराळीं मिश्रणें होतील? दोन रस घ्यावयाचे तर पहिला सहा प्रकारें व दुसरा पांच प्रकारें घेतां येतो, गुणाकार तीस. परंतु मधुर-आंबट आणि आंबट-मधुर यांची चव एकच. म्हणून तिसांस दोहोंनीं भागावें, पंधरा येतात. पुढें चारांनीं गुणून तिहींनीं भागिलें कीं तीन रसांचीं वीस. याच क्रमानें ६, १५, २०, १५, ६, १ अशा संख्या मिळतात, बेरीज ६३. उलट, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा व पद्म किती प्रकारें देतां येतील, या त्यांच्या दुसऱ्या उदाहरणांत क्रमास महत्त्व आहे. म्हणून तेथें भागाकार नाहीं, आणि उत्तर २४ येतें. क्रम मोजावयाचा कीं नाहीं, एवढें ओळखलें म्हणजे सूत्र आपोआप उभें राहतें.

आचार्यांची कन्या लीलावती हिच्या दुर्दैवाची कथा सर्वश्रुत आहे. ती अकबराच्या दरबारांतील फैजीनें इ. स. १५८७ मध्यें केलेल्या फारसी भाषांतरांत आढळते. मूळ ग्रंथांत मात्र ती नाहीं. आचार्यांची थोरवी अशा कथेवर अवलंबून नाहीं. बीजगणिताच्या अखेरीस ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ या पूर्वसूरींचें ऋण त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें आहे. आणि वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं, इ. स. ११८३ मध्यें, ‘करणकुतूहल’ लिहून आपला विद्याव्यासंग अखेरपर्यंत चालविला.

विद्या एका पिढीनें मिळविली तरी पुढच्या पिढीनें ती न जपल्यास नष्ट होते. आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या दरबारीं नेलें. नातू चंगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले व त्यांनीं आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला. चाळीसगांवजवळील पाटण येथें इ. स. १२०७ चा शिलालेख या गोष्टीची साक्ष देत आहे; एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो प्रकाशांत आणिला. त्या लेखाच्या शेवटीं जुन्या मराठींतील ओळी असून विक्रेते व गिऱ्हाईक यांजकडून मठास काय मिळावें, हें त्यांत सांगितलें आहे. म्हणजे बाजारांतल्या साध्या माणसांच्या देण्यावरही गणिताची ही शाळा चालली!

मित्रहो, तो मठ आज चालू नाहीं. पण ते सहा रस आपल्या प्रत्येकाच्या घरीं आहेत. यापुढें सूत्र विसरलें तर परीक्षेच्या कागदासमोर खिन्न होऊन न बसतां आपण ते रस एकदां मोजून पाहूं. चंगदेवांनीं जपलेलें धन आपल्याही हातीं आहे, याची खात्री तेव्हां पटेल.