डेरिक थॉमस : एका झडपेपलीकडचा बचावपटू

११ नोव्हेंबर १९९० रोजी कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर डेरिक थॉमस या २३ वर्षांच्या बचावपटूने सिॲटल सीहॉक्स संघाचा क्वार्टरबॅक डेव्ह क्रीग याला सात वेळा चेंडूसह जमिनीवर लोळवले. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एका सामन्यातील हा विक्रम आजवर कोणालाही मोडता आलेला नाही. त्या दिवशीच्या निकालाकडे पाहिले, तर थॉमसचा कॅन्सस सिटी चीफ्स हा संघ १६-१७ असा पराभूत झालेला दिसतो. अखेरच्या डावपेचात थॉमस आठव्यांदा क्रीगपर्यंत पोहोचला होता. त्याचा हातही लागला, पण क्रीग निसटला आणि त्याने २५ यार्डांचा विजयी पास पॉल स्कान्सीकडे फेकला. थॉमसच्या संपूर्ण कारकिर्दीवर पुढे जो वाद झडत राहिला, त्याचे बीज या एकाच सामन्यात सापडते.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे, त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू घेऊन धावणे किंवा तो पुढे फेकणे, असे दोन मार्ग असतात. फेकण्याची जबाबदारी क्वार्टरबॅकची. त्याने फेक करण्याआधीच त्याला गाठून पाडणे म्हणजे ‘सॅक’, आणि यात तरबेज असलेला खेळाडू म्हणजे ‘पास रशर’. तिसऱ्या प्रयत्नात बरेच अंतर कापायचे बाकी असेल, तर समोरचा संघ चेंडू फेकणार हे जवळपास उघडच असते. अशा वेळी पास रशरला एकच काम उरते : सुसाट धावत सुटणे. पण सामना काही केवळ तिसऱ्या प्रयत्नांचा नसतो. प्रतिस्पर्धी त्याच्याच दिशेने धावू लागला, तर त्याला अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यापुढे पाय रोवून उभे राहावे लागते. कधी मागे हटून पास झेलू पाहणाऱ्या खेळाडूची पाठराखण करावी लागते. झडप घालण्याची ओढ असलेल्या माणसाला थांबायला शिकवणे, हे प्रशिक्षकाच्या दृष्टीने या खेळातील सर्वांत नाजूक कामांपैकी एक होय.

डेरिकचा जन्म १ जानेवारी १९६७ रोजी फ्लोरिडातील मायामी येथे झाला. वडील कॅप्टन रॉबर्ट थॉमस हवाई दलात बी-५२ या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. डिसेंबर १९७२ मध्ये व्हिएतनाम युद्धात ते मृत्युमुखी पडले, तेव्हा डेरिक पाच वर्षांचा होता. ज्या मोहिमेत त्यांचा अंत झाला, तिचे सांकेतिक नाव होते ‘लाइनबॅकर टू’. मुलगा पुढे ज्या जागेवर खेळून नावारूपाला आला, त्या जागेचे नावही लाइनबॅकरच. कादंबरीकाराने हा योगायोग रचला असता, तर वाचकांनी तो ओढूनताणून आणलेला ठरवला असता. क्रीगला सात वेळा पाडले, तो ११ नोव्हेंबरचा दिवसही अमेरिकेत माजी सैनिकांच्या सन्मानार्थ पाळला जातो.

आई आणि आजीने त्याला वाढवले. कुमारवयात त्याचे पाऊल वाकडे पडले. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या डेड मरीन इन्स्टिट्यूट या संस्थेत त्याची रवानगी झाली आणि तेथे तो सावरला. त्यानंतर साउथ मायामी हायस्कूल व पुढे अलाबामा विद्यापीठ असा त्याचा प्रवास झाला. अलाबामात सुरुवातीला कॉर्नेलियस बेनेट हा नामांकित लाइनबॅकर आघाडीवर होता. बेनेट व्यावसायिक लीगकडे गेल्यानंतर थॉमसच्या वेगाला वाव मिळाला. १९८८ च्या मोसमात त्याने २७ सॅक केल्या. महाविद्यालयीन कारकिर्दीत ५२. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन लाइनबॅकरला मिळणारा बटकस पुरस्कारही त्या वर्षी त्यालाच मिळाला.

१९८९ मध्ये चीफ्सनी त्याला खेळाडू निवडीत चौथ्या क्रमांकावर उचलले. आधीच्या दोन्ही मोसमांत या संघाने प्रत्येकी चारच सामने जिंकले होते. नवे मुख्य प्रशिक्षक मार्टी शॉटेनहायमर यांना बचावाच्या पायावर संघ उभा करायचा होता. पहिल्याच वर्षी दहा सॅक आणि सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा मान. दुसऱ्या वर्षी वीस सॅक आणि लीगमध्ये अव्वल स्थान. सुमारे ११० किलो वजनाचा हा गडी चेंडू हलताच पहिले पाऊल असे काही टाकी, की समोरचा ऑफेन्सिव्ह टॅकल सावरेपर्यंत तो त्याच्या बाहेरच्या खांद्याला वळसा घालून मागे पोहोचलेला असे. क्वार्टरबॅकला नुसते पाडण्यावर त्याचे समाधान नसे. मागून येऊन तो फेकणाऱ्या हातावरच प्रहार करी. कारकिर्दीत त्याने चाळीसहून अधिक वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू असा निसटायला लावला.

प्रतिस्पर्ध्यांनी यावर उतारा शोधला नसता, तरच नवल. थॉमसला अडवायचे नाही, त्याला आत येऊ द्यायचे आणि त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेतून चेंडू पळवायचा, अशी सोपी युक्ती. तो जितक्या वेगाने आत घुसे, तितके मोठे भगदाड त्याच्या मागे पडे. किंवा मग १३५ किलोचा संरक्षक थेट त्याच्या अंगावर सोडायचा आणि त्याच बाजूने धावायचे. थॉमस फक्त क्वार्टरबॅकच्या मागे लागतो, धावणाऱ्याला रोखणे त्याला जमत नाही, हा शिक्का त्याच्यावर बसला तो असा.

हा शिक्का पुसण्याचे प्रयत्न झाले. सुरुवातीला बचावाची सूत्रे सांभाळणारे बिल कावर आणि १९९५ पासून ही जबाबदारी घेतलेले गुंथर कनिंगहॅम यांच्यापुढे पेच एकच होता. थॉमसला धाव रोखण्याचे वा पाठराखणीचे काम द्यावे, तर त्या डावापुरता प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक निर्धास्त होतो. न द्यावे, तर बाजू उघडी पडते. म्हणून कधी लाइनबॅकर म्हणून उभे राहून, तर कधी डिफेन्सिव्ह एंडसारखे हात जमिनीला टेकवून तो खेळत असे.

या प्रयत्नांना किती यश आले? नुसत्या सॅकच्या आकड्यांवरून उत्तर शोधणारा हमखास फसतो. १९९३ मध्ये थॉमसच्या खात्यावर केवळ आठ सॅक होत्या. टीकाकारांनी त्याला उतरणीला लावले. परंतु त्याच मोसमात दुसऱ्या टोकाला खेळणारा त्याचा सहकारी नील स्मिथ १५ सॅकसह लीगमध्ये पहिला आला आणि चीफ्स परिषदेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. थॉमसच्या कारकिर्दीत संघाची मजल त्यापुढे कधीच गेली नाही. १९९५ मध्ये पुन्हा आठच सॅक. संघाने मात्र १६ पैकी १३ सामने जिंकले आणि संपूर्ण लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले. १९९७ मध्ये साडेनऊ सॅक, पुन्हा १३ विजय आणि पुन्हा सर्वांत कमी गुण. याउलट १९९८ मध्ये त्याच्या १२ सॅक झाल्या. त्यांतील सहा एकट्या ओकलंड रेडर्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यातील होत्या. त्या वर्षी संघ नऊ सामने हरला. अकरा जणांच्या बचावाचे श्रेय एकाच्या पदरात टाकता येत नाही, हे मान्य. तरीही समोरच्या संघाचे दोन-दोन गडी स्वतःवर खेचून घेणारा आणि सहकाऱ्याची वाट मोकळी करणारा थॉमस विक्रमवीर थॉमसपेक्षा संघाला अधिक उपयोगी पडला, असे या लेखकाचे मत आहे. तो परिपूर्ण झाला, असे मात्र म्हणवत नाही. संपूर्ण कारकिर्दीत त्याने प्रतिस्पर्ध्याचा पास मधल्यामध्ये पकडला तो अवघा एकदा.

संयम सुटल्याचा प्रसंगही नोंदवायला हवा. १६ नोव्हेंबर १९९८ रोजी डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या एकाच चढाईत त्याने तीन वैयक्तिक अपराध केले. देशभर दूरचित्रवाणीवर हे दिसले. त्याच्याच संघाने त्याला एका सामन्यासाठी निलंबित केले. मोसम संपल्यावर शॉटेनहायमर यांनी पद सोडले आणि कनिंगहॅम मुख्य प्रशिक्षक झाले.

मैदानाबाहेरचा थॉमस वेगळा होता. १९९० मध्ये त्याने ‘थर्ड अँड लाँग’ ही संस्था स्थापन केली. तिसरा प्रयत्न आणि लांबचा पल्ला, अर्थात पास रशरची हक्काची वेळ, हेच नाव त्याने परिस्थितीने मागे खेचलेल्या मुलांच्या वाचन उपक्रमाला दिले. शनिवारी तो स्वतः मुलांबरोबर वाचायला बसे. १९९३ मध्ये समाजकार्यासाठीचा लीगचा ‘मॅन ऑफ द इयर’ सन्मान त्याला मिळाला. सुधारगृहाच्या उंबऱ्यावरून परतलेल्या मुलाला या सन्मानाचे मोल काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

२३ जानेवारी २००० रोजी सेंट लुई येथील सामना पाहण्यासाठी तो दोन साथीदारांसह विमानतळाकडे निघाला. रस्त्यावर बर्फ होते आणि गाडीचा वेग त्या रस्त्याला मानवणारा नव्हता. गाडी उलटली. थॉमस आणि एका साथीदाराने सीटबेल्ट लावले नव्हते. तो साथीदार जागीच गेला. बेल्ट लावलेल्या तिसऱ्याला किरकोळ दुखापत झाली. थॉमसचे छातीखालचे शरीर लुळे पडले. मायामीच्या रुग्णालयात उपचार सुरू असताना ८ फेब्रुवारी रोजी रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन त्याचे निधन झाले. तो अवघा ३३ वर्षांचा होता.

त्याच्या खात्यावर १२६.५ सॅक आहेत. दोघांनी मिळून पाडले तर अर्धी सॅक धरतात, म्हणून हा अपूर्णांक. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी तो २००५ मध्ये पात्र ठरला, पण प्रवेश मिळायला २००९ उजाडले. चीफ्सनी त्याच वर्षी त्याची ५८ क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. मोसमातील संघाच्या सर्वोत्तम खेळाडूला चीफ्स जो पुरस्कार देतात, त्याला डेरिक थॉमसचे नाव आहे. तो मिळवण्यासाठी पास रशर असण्याची अट नाही.